मल्लेशमच्या मापाचा

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातलं वंगण संपलंय.
म्हटलं, जॉबरला वंगण शिकवू नका साहेब,
तीस वर्षं मागांच्या पोटात हात घालून बसलोय.
ते हसले. गोळ्या लिहिल्या. सायकल बंद, म्हणाले.

कारखाना अक्कलकोट रोडला, घर विडी घरकुलात.
सायकल बंद म्हणजे रोज रिक्षाला चाळीस रुपये.
म्हणून अशोक चौकात दस्तगीरकडं गेलो.
मे महिना. पंक्चरच्या घमेल्यात
पाय सोडून बसला होता.

त्यानं गुडघा बघितलाच नाही.
म्हणाला, बैठो. मारो पायडल.
मी भिंतीला धरून उलटं पायडल मारलं
आणि तो माझ्या मांडीकडं बघत राहिला,
ठोका चुकणाऱ्या मागाकडं मी बघतो तसा.
"पाँव इत्ता, चक्कर इत्ता.
कैसा जमेंगा, जॉबर?"

सायकल मल्लेशमची.
तो सहा फुटी, मी त्याच्या काखेत मावायचो.
एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या शेडला कुलूप लागलं,
तो सुरतेला गेला. माझे तीनशे रुपये देणं होतं.
सायकल ठेवून गेला, आलो की सोडवून घेतो म्हणाला.
मी सीट खाली केली, हँडल खाली केलं
आणि वाटलं, झाली माझी.
क्रँक कोण बघतो?
आसापासून पायडलपर्यंतचा तो लोखंडी दांडा
खालीवर होत नाही.
साडेसहा इंच, म्हणजे साडेसहाच.
एकोणीस वर्षं, जाताना येताना,
मी मल्लेशमच्या पायांचं वर्तुळ फिरवलं
माझ्या गुडघ्यांनी.

लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली.
मागालाही क्रँक असतो.
तो जेवढा, तेवढीच फणी पुढं येते, तेवढीच मागं जाते.
सूतभर चुकला की ताणा तुटतो
आणि मालकाच्या आधी मला कळतं,
नुसत्या आवाजावरून.

दस्तगीरनं पोतं उपडं केलं.
शाळकरी पोरांच्या सायकलींचे क्रँक, सहा इंची,
एका जोडीला गुलाबी रंग लागलेला.
तीच नेमकी बसत होती.
"अरे, अठ्ठावन्न वय माझं!"
"हौ. घुटने कू क्या मालूम किसका है."

कॉटर पिन गंजून बसलेली.
रॉकेल, हातोडा, शिवी, परत हातोडा.
क्रँक अर्धा इंच आखूड,
म्हणून सीट अर्धा इंच वर, खाली पाय तेवढाच पोचावा म्हणून.
आणि गुडघा वर येतो तेव्हा
दोन्ही अर्धे त्यालाच मिळतात.
एक इंच.
एक इंच म्हणजे काय ते मला विचारा,
टॉवेलाचे चव्वेचाळीस बाणे.

फुकट नाही मिळत.
चकतीही पोरीच्याच सायकलीची, छोटी.
नाक्याच्या चढाला आधी एकशे दहा फेरे लागायचे.
पहिल्या दिवशी मोजत गेलो, दीडशेच्या पुढं
एक ट्रक अंगावर आला आणि आकडा सांडला.
पानपट्टीवरची पोरं ओरडली,
आजोबा शिलाई मशीन चालवूलालेत बे!
चालवूलालोय.

दुखणं गेलं असं नाही.
पण कारखान्याच्या पायऱ्या चढताना
हात आपोआप मांडीवर जायचा,
तो आता कधीकधी विसरतो.

जुनी जोडी दस्तगीर भंगारात टाकत होता.
मी मागून घेतली.
तेल लावून, टॉवेलाच्या चिंधीत गुंडाळून
शेडमधल्या सुट्ट्या भागांच्या डब्यात ठेवलीय.
मल्लेशम आला कधी सायकल सोडवायला
तर त्याच्या मापाचा क्रँक
मीच बसवून देईन.

तीनशे रुपये मात्र घेईन.